बेलाला काहीच का गमवावं लागलं नाही? (ट्वायलाइट, पस्तिशीनंतर)

पाणकोंबडी (धागाकर्ती):

चारही पुस्तकांचे स्पॉयलर आहेत. ज्यांना अजून वाचायची आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

स्टेफनी मायरची ट्वायलाइट मालिका २००५ ते २००८ या काळात आली. तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या गटात ती पुस्तकं हातोहात फिरून खिळखिळी झाली होती. आता सलग परत वाचली. मोठेपणी परत वाचणाऱ्यांची ठरलेली तक्रार म्हणजे एडवर्ड. रात्री खिडकीतून आत येऊन झोपलेल्या मुलीकडे बघत बसणारा, ती जेकबला, तिच्या जिवलग मित्राला, भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवणारा. तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर भरपूर लिहून झालंय. माझं भांडण चौथ्या पुस्तकाशी आहे.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. बेला स्वान, वय सतरा, फीनिक्सचं ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या कायम भिजलेल्या गावी वडिलांकडे राहायला येते. वडील चार्ली तिथले पोलीसप्रमुख. वर्गात एडवर्ड कलन भेटतो. हा १९१८च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झाला आणि तेव्हापासून सतराचाच आहे. त्याचं कुटुंब माणसांना हात लावत नाही, जनावरांच्या रक्तावर भागवतं आणि स्वतःला गमतीनं शाकाहारी म्हणवतं. बेलाला त्याच्यासारखं व्हायचंय, त्याला ते नकोय. पहिल्या तीन पुस्तकांची सगळी ओढाताण या एका गोष्टीवरून.

त्या तीन पुस्तकांत आपल्याला काय काय बजावलं जातं ते आठवा. व्हॅम्पायर झालीस तर आईवडील तुटले. मूल होणार नाही. सुरुवातीची वर्षं रक्ताची तहान अशी असेल की दुसरं काही सुचणार नाही. एडवर्डच्या मते तर आत्माही जातो. न्यू मूनच्या, म्हणजे दुसऱ्या पुस्तकाच्या, शेवटी कलनांच्या घरात बेलाच्या अमरपणावर मतदान होतं तेव्हा एडवर्डची मानलेली बहीण रोझली विरोधात मत देते. का, ते तिसऱ्या पुस्तकात, एक्लिप्समध्ये, कळतं. रोचेस्टर, १९३३. लग्न ठरलेल्या माणसानंच मित्रांसोबत तिची विटंबना करून तिला रस्त्यात मरायला टाकलं, आणि कलनांच्या कुटुंबप्रमुखानं, कार्लाइलनं, तिला वाचवण्यासाठी व्हॅम्पायर केलं. तिला नवरा, मूल, म्हातारपण हवं होतं. मिळाला तो न संपणारा जन्म. मालिकेतलं सगळ्यात दमदार प्रकरण आहे ते.

आणि चौथ्या पुस्तकात, ब्रेकिंग डॉनमध्ये? मूल होतं. तहान पहिल्याच शिकारीत आवरते; माणसांचा वास नाकात शिरूनही ती मागे फिरते आणि एडवर्ड बघतच राहतो. चार्ली काही दिवसांतच भेटायला येतो. बेला न मिळाल्याच्या जेकबच्या दुःखावर उतारा म्हणून त्याला बेलाच्या नवजात मुलीशी जन्माचं बांधून टाकलं जातं (यावर मी बोलणारच नाही, तुम्ही बोला). शेवटी वोल्टुरी, म्हणजे व्हॅम्पायरांचे इटलीत बसलेले राज्यकर्ते, फौज घेऊन येतात. पानंच्या पानं तयारी चालते. लढाई होतच नाही. सिनेमावाल्यांनाही ते पचलं नसावं, त्यांनी २०१२च्या शेवटच्या भागात एक अख्खं युद्ध एडवर्डच्या बहिणीच्या, ॲलिसच्या, भविष्यदर्शनात घुसवलं.

तेव्हा या शेवटावर मी जाम खूश होते. आता वाटतं, तीन पुस्तकं मला ज्याची भीती घातली ते सगळं बोलाचीच कढी होतं की काय?

आणि चार्ली. पहिल्या पुस्तकात एके सकाळी सगळीकडे बर्फ असतो. बेला शाळेत पोचून बघते तर तिच्या ट्रकच्या टायरांना साखळ्या बांधलेल्या. बापानं पहाटे उठून, एका शब्दानं न सांगता केलेलं काम. तिचा गळा दाटून येतो. तेवढ्यात व्हॅन घसरत येते, एडवर्ड ती हातानं अडवतो आणि तिथून पुढे साखळ्या कुणालाच आठवत नाहीत. त्याच पुस्तकात बेला चार्लीला वाचवण्यासाठी घर सोडते तेव्हा मुद्दाम तेच शब्द वापरते जे तिची आई त्याला सोडून जाताना बोलली होती. हे लिहू शकणारी बाई चौथ्या पुस्तकात त्याच बापाला 'गरजेपुरतं सांगा' एवढ्यावर गप्प बसवते. मला राग आलाय तो याचा.

निशाचर:

धारपांची 'लुचाई' वाचून वाढलेल्या माणसाला उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर दाखवलात तिथेच विषय संपला. ज्याची भीतीच वाटत नाही त्याच्यापायी कोण काय गमावणार?

ठाणे_लोकल:

+१. आणि शंभर वर्षांचा माणूस परत परत शाळेत जाऊन बसतो! स्वखुशीनं! बायॉलॉजीच्या तासाला! मला अमर केलं तर मी आधी शाळेच्या विरुद्ध दिशेला पळेन.

मृद्गंध:

पाणकोंबडी, लेख छान, पण मुळातच असहमत.

अठरा वर्षांच्या आपल्या मुलीला घरात काय ऐकायला मिळतं? शिक, पण स्वयंपाक यायला हवा. नोकरी कर, पण सातच्या आत घरी. प्रेम करायचं तर कर बाई, पण मग माहेर विसर. प्रत्येक इच्छेला अट जोडलेलीच असते. अशा मुलीच्या हातात असं एक पुस्तक पडतं ज्यात नायिकेला हवं ते सगळं मिळतं: नवरा, मूल, बाप, जिवलग मित्र, ताकद, आणि कुणीही तिला शिक्षा करत नाही. हा दोष नाही हो, तेच तर त्या पुस्तकाचं काम आहे. चौथं पुस्तक संपल्यावर मला किती हलकं वाटलं होतं ते मला चांगलं आठवतंय. तुम्हालाही वाटलं होतं, तुम्हीच लिहिलंय.

आणि ही उलटतपासणी मुलींच्याच पुस्तकांची का? अर्नाळकरांचा झुंजार पुस्तकामागून पुस्तकात सहीसलामत सुटायचा. माझे काका अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात त्याच्याबद्दल. त्यांना कुणी विचारलं नाही की काका, झुंजारला शेवटी काय गमवावं लागलं? ते 'रंजक वाङ्मय' आणि आमचं ते 'पोरींचं खूळ'.

गोदाकाठ:

काही गमवावं लागलं नाही?? बाई, तुम्ही बाळंतपणाचं प्रकरण गाळून वाचलंत का? पोटातलं मूल आतून बरगड्या मोडतंय, अन्न पोटात ठरत नाही, शेवटी पेल्यातून रक्त पिऊन जगते, बाळंत होताना पाठीचा कणा मोडतो आणि हृदय बंद पडतं. ती मरते. अक्षरशः. एडवर्डला ते मूल काढून टाकायचंय, ही एकटी ठामपणे 'नाही' म्हणते, आणि तिच्या बाजूनं उभी राहते ती कोण, तर तुमची रोझली. चारही पुस्तकांत बेलानं स्वतःचा म्हणून घेतलेला पहिला निर्णय. दोन बाळंतपणं झाल्यावर मी ती पानं परत वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ फिरून आले. पोरीबाळींसाठी लिहिलेल्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात गरोदरपण इतकं भयाण दाखवलंय सांगा.

पाणकोंबडी:

@गोदाकाठ, ती पानं भयाण आहेत, मान्य, आणि रोझलीबद्दल अगदी बरोबर. पण वेदना वेगळी, नुकसान वेगळं. तीन दिवस जळल्यासारख्या यातना होतात आणि बेला उठते ती आधीपेक्षा सुंदर, आधीपेक्षा बळकट, आयुष्यभराचा धांदरटपणासुद्धा गेलेला. मी शोधतेय ते परत न मिळणारं काहीतरी.

@मृद्गंध, झुंजार कधी म्हणाला होता का, की पुढच्या पुस्तकात मी मरणार आहे हं? मायरबाई म्हणाल्या होत्या. सुखान्ताला माझी ना नाहीच. मूल होणार नाही म्हणून रोझलीला रडवायचं आणि मग बेलाच्या हातात सहज मूल ठेवायचं, याला आहे. रोझलीला काय वाटलं असेल?

कडूकिराईत:

'एडवर्डवर भरपूर लिहून झालंय' असं म्हणून त्याला एका परिच्छेदात सोडून देणं मला पटलेलं नाही. लिहून झालं म्हणून त्याचं वागणं सुधारतं का? एक्लिप्समध्ये तो बाहेर जाताना बेलावर पहारा ठेवायला ॲलिसला चक्क पिवळी पोर्शे लाच म्हणून देतो. हे विनोद म्हणून लिहिलंय! आणि २०२०मध्ये आलेलं मिडनाईट सन, म्हणजे तीच पहिली गोष्ट एडवर्डच्या तोंडून, ते वाचलंत का? बेला वर्गात शिरते त्या पहिल्या तासाला हा शिक्षकासकट सगळ्या वर्गाला कोणत्या क्रमानं मारायचं याचा हिशेब करत बसलेला असतो. मग आपण त्याच्या संयमाचं कौतुक करायचं.

दुसरं, तुमचा लाडका चार्ली. जेकब बेलाचं बळजबरीनं चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते आणि त्यात तिचाच हात मोडतो. घरी येतात. बापाला कळतं की पोरानं चुंबन घेतलं म्हणून पोरीनं मारलं. आणि हे पोलीसप्रमुख पोराला शाबासकी देतात! साखळ्या बांधणारा हात तोच, पाठ थोपटणारा हात तोच. हे गाळून चार्लीची आरती ओवाळायची असेल तर ओवाळा.

पाणकोंबडी:

चार्लीची आरती नाही. तो प्रसंग संतापजनकच आहे. पण म्हणूनच तो माणूस मला ओळखीचा वाटतो, असे बाप आपल्या सगळ्यांच्या गल्लीत आहेत: पोरीसाठी पहाटे उठतील आणि एडवर्डपेक्षा जेकब बरा म्हणून तिच्या मनाविरुद्ध घडलेलं हसण्यावारी नेतील. एडवर्ड आवडणं वयाबरोबर ओसरतं. चार्लीचं काय करायचं हे मला अजून ठरवता येत नाही.

मृद्गंध:

कडूकिराईत, एडवर्डबद्दल अर्धंच सांगताय. त्याच एक्लिप्समध्ये तो कबूल करतो की आपण अतिरेक केला, आणि नंतर स्वतः गाडीनं बेलाला ला पुशच्या, म्हणजे जेकबच्या गावाच्या, हद्दीपर्यंत सोडायला जातो, जेकबच्या हवाली करतो. पुस्तकाला त्याचं चुकतंय हे माहीत आहे. तुम्हाला खलनायकच हवा असेल तर ते वेगळं.

कडूकिराईत:

आधी तुरुंगात टाकायचं आणि मग पॅरोलवर सोडलं म्हणून आभार मानायचे. असो.

रेनकोट:

मी सिअ‍ॅटलजवळ राहते. पाहुणे आले की फोर्क्सची फेरी ठरलेली, साडेतीन-चार तासांचा रस्ता. फोर्क्स हे मूळचं लाकूडतोडीवर जगणारं गाव. आता सप्टेंबरात बेलाच्या वाढदिवसाच्या, म्हणजे १३ तारखेच्या, आगेमागे तिथे ट्वायलाइटचा उत्सव भरतो. गावाला गिऱ्हाईक हवं होतं, मिळालं, आनंद आहे.

पण तिथून साधारण पंधरा मैलांवर ला पुश आहे, क्विल्यूट जमातीचं गाव. पुस्तकातली लांडगा होणारी पोरं, जेकबसकट, याच जमातीची. जमात खरी, गाव खरं, नावंही जशीच्या तशी. त्यांच्या मूळकथेत पूर्वज लांडग्यांपासून माणसं झाले हेही खरं. बाकीचं सगळं, म्हणजे 'थंड लोकां'ची दंतकथा, व्हॅम्पायरांशी वैर, त्यांनी माणसाला चावायचं नाही हा करार, ज्या मुलीवर नजर पडेल तिच्याशी जन्माचं बांधलं जाणं, हे मायरबाईंनी रचलेलं. शेवटी सिअ‍ॅटलच्या बर्क म्युझियमला जमातीच्या साथीनं एक वेबसाइट करावी लागली, पुस्तकातलं काय आणि खरं काय हे सांगायला. २०१०मध्ये अँजेला रायली या कायद्याच्या प्राध्यापिकेनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं होतं की या एवढ्या मोठ्या धंद्यातून क्विल्यूटांना काहीच मिळालेलं नाही. पुस्तकं तोवर दहा कोटींच्या घरात खपली होती.

ला पुश अगदी समुद्राला टेकलेलं आहे. त्सुनामी आली तर आधी जाणार त्यात शाळा, अशी तिची जागा. वर सरकावं तर भोवती ऑलिंपिक नॅशनल पार्क. २०१२च्या कायद्यानं पार्कातली ७८५ एकर जमीन जमातीला मिळाली, आणि उंचावरची नवी शाळा २०२२मध्ये उघडली. म्हणजे पोरी त्या किनाऱ्यावर जेकबच्या नावाचे टी-शर्ट घालून फोटो काढत होत्या तेव्हा जेकबच्या वयाची खरी पोरं त्या खालच्या शाळेत बसत होती.

तेव्हा पाणकोंबडी, पुस्तकात कुणाचं नुकसान झालं नाही म्हणता ते असेलही. ब्रेकिंग डॉनमध्ये कलनांना करार मोडून बेलाला चावायचं असतं तेव्हा एडवर्ड निदान जेकबची परवानगी मागतो. पुस्तकाबाहेर कुणी कुणाची मागितली?

निशाचर:

रेनकोट, हे काहीच माहीत नव्हतं. मला तर क्विल्यूट हे नावच कल्पित वाटत होतं, वोल्टुरीसारखं.

गोदाकाठ:

रेनकोट यांच्या प्रतिसादावरून लिया आठवली. कुणीच तिचं नाव काढलेलं नाही! लांडग्यांच्या कळपातली एकमेव मुलगी. कळपाच्या ज्या म्होरक्याशी, सॅमशी, तिचं जमलेलं असतं तो एका नजरेत तिच्याच नात्यातल्या बहिणीचा, एमिलीचा होतो. वडील हार्ट अटॅकनं जातात. आणि कळपात सगळ्यांची मनं एकमेकांना ऐकू येतात, त्यामुळे सॅमच्या मनातली एमिलीसुद्धा तिला रोज ऐकावी लागते. पाणकोंबडी, परत न मिळणारं काहीतरी हवं होतं ना तुम्हाला? हे घ्या.

पाणकोंबडी:

लियाबद्दल शंभर टक्के. पण बघा ना, पुस्तक तिला काय म्हणतं? कडवट. किरकिरी. सगळी पोरं वैतागलेली तिच्यावर. गमावलेलं मोजणाऱ्या बायका म्हणजे रोझली आणि लिया, आणि दोघीही पुस्तकाच्या लेखी खाष्ट. बेला मोजत नाही म्हणून ती गोड. शेवटच्या पुस्तकात कलनांच्या ओळखीतली व्हॅम्पायर इरिना मारली जाते तीही अशीच, काठावरची बाई. कलनांच्या उंबऱ्याच्या आत मात्र कुणाच्या केसालाही धक्का नाही.

ठाणे_लोकल:

धागा वाचून पहिला सिनेमा लावला. सगळं निळंशार आहे. टीव्ही बिघडला असं वाटून सेटिंग तपासून आलो.

मृद्गंध:

:) २००८च्या त्या सिनेमाचा निळा रंगच तर खरा एडवर्ड आहे.

मूळ मुद्द्यावर. पाणकोंबडी, तुम्हाला हवं ते पुस्तक मायरबाईंनी लिहिलंय. २०१५मध्ये पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा 'लाइफ अँड डेथ' आलं. तीच गोष्ट, मुलगा-मुलगी अदलाबदल करून: बेलाच्या जागी बो नावाचा मुलगा, एडवर्डच्या जागी एडिथ. बेला म्हणजे नुसती वाचवून घेणारी अबला, या टीकेला दिलेलं ते उत्तर होतं. सांगायचं कारण म्हणजे त्याचा शेवट वेगळा आहे. बो पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी व्हॅम्पायर होतो. घरच्यांना तो अपघातात गेला असं भासवलं जातं, आणि तो लांबून स्वतःचाच अंत्यविधी बघतो. आईबाप खाली रडतायत, याला जाता येत नाही. तुमच्या हिशेबाप्रमाणे सगळं चोख.

पाणकोंबडी:

मग माझंच म्हणणं सिद्ध होतंय की! म्हणजे लेखिकेला ठाऊक होतं हे कुठे जातं ते. मुलगा होता तेव्हा त्याचा अंत्यविधी लिहायची हिंमत झाली, मुलगी होती तेव्हा हात आखडला. बेलाला इतकं जपायचं कारण काय? ती मोडेल म्हणून? मला तर हे एडवर्डनं इंजिनातला भाग काढून ठेवण्यासारखंच वाटतं.

मृद्गंध:

किंवा असं की बेलाच्या मागे लाखो पोरी उभ्या होत्या आणि बोच्या मागे कुणी नव्हतं. माझ्या ओळखीत तरी ते पुस्तक कुणी दुसऱ्यांदा उघडलेलं नाही. अंत्यविधी चांगला लिहिलाय, खरंच चांगला. पण मन उदास असताना मी काढते ते ब्रेकिंग डॉनच. तुम्ही टीकेसाठी का होईना, सलग परत वाचलंत ते कुठलं?

कडूकिराईत:

आता दोघीही एडवर्डवर परत या. पळवाटा पुरे.

पाणकोंबडी:

@मृद्गंध, ब्रेकिंग डॉन परत वाचायला घेतलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी ऑफिस होतं, हे मी लपवत नाहीये. पुस्तक ओढून नेतं म्हणूनच त्याच्याशी भांडतेय. नाहीतर रोझलीची आठवण ठेवायला मला कुणी सांगितलं होतं? तुम्ही म्हणता तो हलकेपणा मला आता लागत नाही, तुम्हाला अजून लागतो, आणि यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

@कडूकिराईत, मिडनाईट सन वाचलेलं नाही. आता मागवते. वाचून झालं की त्याचा वेगळा धागा काढू, तिथे एडवर्डला मनसोक्त धुवा.

@रेनकोट, त्या बर्क म्युझियमच्या वेबसाइटचा दुवा द्याल का इथे?

रेनकोट:

देते. घरी पोचले की.